ओकान बुरुक : गलातासरायचा खेळाडू ते गलातासरायचा प्रशिक्षक

२००१ च्या उन्हाळ्यात इस्तंबूलच्या गलातासराय क्लबातून मधल्या फळीतले दोन खेळाडू एकाच वेळी मिलानच्या इंटर क्लबात दाखल झाले. एक होता वीस वर्षांचा एम्रे बेलोझोग्लू आणि दुसरा सत्ताविशीतला ओकान बुरुक. दोघेही पुढे प्रशिक्षक झाले, पण त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या निघाल्या. एम्रेने २०२० मध्ये खेळणे थांबवले आणि वर्षभराच्या आतच, मार्च २०२१ मध्ये, फेनेरबाहचेसारख्या बलाढ्य संघाची सूत्रे त्याच्या हाती आली. ओकानने २०१० मध्ये बूट काढून ठेवले आणि ज्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला त्या गलातासरायचे प्रशिक्षकपद मिळायला त्याला २०२२ साल उजाडावे लागले. मधली बारा वर्षे म्हणजे नुसती प्रतीक्षा नव्हती. आज दिसणारा प्रशिक्षक त्या वर्षांतच घडला, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्याच्या प्रशिक्षणामागची मूळ कल्पना त्याहून जुनी आहे आणि ती समजून घ्यायची तर आधी त्याचा स्वतःचा खेळ आठवावा लागतो.

ओकानचा जन्म १९७३ चा, इस्तंबूलचा. गलातासरायच्या युवा संघातून तो वर आला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य संघात पोहोचला. उंचीने कमी, अंगाने काटक आणि सतत पळत राहणारा असा हा खेळाडू बहुधा मधल्या फळीच्या उजव्या बाजूला खेळत असे. १९९६ मध्ये फातिह तेरिम प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढची चारही वर्षे गलातासरायने लीगचे विजेतेपद सोडले नाही. त्या संघाचे नाव निघाले की लोकांना आधी रुमानियाचा गेओर्गे हागी आठवतो आणि मग हाकान शुक्युर. ते स्वाभाविकच आहे, कारण हागीच्या डाव्या पायातून निघालेला चेंडू काय करील हे प्रतिस्पर्ध्याला कळत नसे आणि शुक्युर तो डोक्याने जाळ्यात धाडत असे. पण तिशी ओलांडलेल्या हागीने चेंडू गमावल्यावर मागे धावत येऊन बचाव करावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नव्हते. ते धावणे दुसऱ्या कोणाला तरी करावे लागे, आणि संघाने नेमून दिलेले हे काम सुआत, उमित दावाला आणि ओकान यांच्यासारखे खेळाडू प्रत्येक सामन्यात, शेवटच्या शिट्टीपर्यंत करत. समोरच्या संघाच्या अर्ध्यातच त्याला गाठून चेंडू हिसकावून घ्यायचा ही तेरिम यांची पद्धत होती, आणि ती चालायची ती या माणसांच्या फुप्फुसांवर.

१९९९–२००० च्या हंगामात या मेहनतीला युरोपात फळ आले. चॅम्पियन्स लीगच्या साखळीत गलातासराय जवळजवळ बाहेर पडले होते. शेवटच्या सामन्यात एसी मिलान २–१ ने पुढे असताना अखेरच्या काही मिनिटांत शुक्युरने बरोबरी साधली, दावालाने पेनल्टीवर तिसरा गोल केला आणि संघ गटात तिसरा येऊन युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेत, यूएफा कपमध्ये, गेला. तिथे बोलोन्या, डॉर्टमुंड, मायोर्का आणि लीड्स यांना एकामागून एक बाजूला सारत तो १७ मे २००० रोजी कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर आर्सेनलसमोर उभा राहिला. त्या अंतिम सामन्यात ओकान पहिल्या अकरांत होता. ८३ व्या मिनिटाला त्याच्या जागी हाकान उन्साल आला. त्यामुळे जादा वेळेत हागीला लाल कार्ड मिळाले तेव्हा, कर्णधार बुलेंत कोर्कमाझ निखळलेला खांदा बांधून मैदानात पाय रोवून उभा राहिला तेव्हा आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये पोपेस्कूने चौथा गोल करून कप जिंकून दिला तेव्हाही ओकान हे सारे मैदानाच्या कडेवरून पाहत होता. एखाद्या तुर्की क्लबाने जिंकलेला तो पहिला युरोपीय कप होता.

इंटरमधली तीन वर्षे मात्र त्याच्यासाठी तशी कोरडीच गेली. तो संघ व्हिएरी, रोनाल्दो, रेकोबा आणि झानेत्ती यांचा होता आणि प्रशिक्षक एक्तोर कूपेर यांच्या योजनेत ओकानला सातत्याने जागा मिळाली नाही. पहिल्याच हंगामात इंटरने हातातोंडाशी आलेले विजेतेपद शेवटच्या दिवशी, ५ मे २००२ ला, लाझिओकडून ४–२ अशी हार पत्करून गमावले. त्याच उन्हाळ्यात शेनोल गुनेश यांच्या तुर्की संघाने विश्वचषकात तिसरे स्थान मिळवले आणि ओकान त्या चमूत होता. देशासाठी तो पन्नासहून अधिक सामने खेळला. नामवंत खेळाडूंच्या गर्दीत बाकावर बसून राहणे काय असते याचा अनुभव प्रशिक्षकाच्या गाठीशी असणे मला फार मोलाचे वाटते. संघ निवडताना जे दहाबारा जण नाराज होतात त्यांच्याशी कसे बोलायचे, हे कायम पहिल्या अकरांत राहिलेल्या खेळाडूला सहसा ठाऊक नसते.

२००४ मध्ये तो इस्तंबूलला परतला तो बेशिक्ताशकडे, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याच्या घरी. दोन वर्षांनी पुन्हा गलातासराय. २००७–०८ मध्ये त्याने तिथे लीगचे सातवे विजेतेपद मिळवले. यात एक योगायोग असा की त्याच्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी, १९९२–९३ मध्ये, संघाचे प्रशिक्षक जर्मनीचे कार्ल-हाइन्झ फेल्डकाम्प होते, आणि या शेवटच्या हंगामाची सुरुवातही त्यांनीच केली होती. मात्र हंगाम संपण्याआधी ते पायउतार झाले आणि उरलेले काम जेव्हात ग्युलेर यांनी पार पाडले. त्यानंतरची दोन वर्षे ओकान इस्तंबूल महानगरपालिकेच्या क्लबाकडून खेळला. अवाढव्य ऑलिम्पिक स्टेडियम, त्यात तुरळक प्रेक्षक आणि प्रशिक्षक अब्दुल्ला अवजी. गलातासरायच्या अली सामी येन मैदानावरच्या कान फाटतील अशा गर्जनेतून आलेल्या खेळाडूला ही शांतता कशी वाटली असेल याची कल्पना करता येते. पण हाच क्लब पुढे नाव बदलून बाशाकशेहिर झाला आणि ओकानच्या आयुष्यात दुसऱ्यांदा आला.

प्रशिक्षक म्हणून त्याची सुरुवात पूर्व अनातोलियातल्या एलाझिगस्पोरपासून झाली. मग गाझियांतेपस्पोर, सिवासस्पोर, इझमीरचे गोझतेपे. कुठे काही महिने, कुठे थोडे अधिक. तुर्कीत अध्यक्षांचा संयम फार लवकर सुटतो. तीनचार पराभव झाले की प्रशिक्षक बदलतो आणि बदललेला प्रशिक्षक पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कुठल्या तरी बुडत्या संघाला सावरायला जातो. या चक्रात अनेक चांगले खेळाडू प्रशिक्षक म्हणून संपले. ओकानही संपला असता, आणि तसे झाले असते तर कोणाला फारसे आश्चर्य वाटले नसते.

त्याला तारले अकहिसारने. मनिसा प्रांतातले, ऑलिव्हच्या बागांनी वेढलेले हे मध्यम आकाराचे गाव. तिथला क्लब वरच्या श्रेणीत टिकून राहिला तरी लोक समाधानी असत. २०१७ मध्ये ओकान तिथे गेला आणि त्याच हंगामात त्याचा संघ तुर्की कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्य फेरीत त्याने कोणाला हरवले? गलातासरायला, आणि तेव्हा तिथे प्रशिक्षक होते पुन्हा एकदा फातिह तेरिम. १० मे २०१८ रोजी दियारबाकिरमधल्या अंतिम सामन्यात अकहिसारने फेनेरबाहचेला ३–२ असे हरवून क्लबाच्या इतिहासातला पहिला मोठा चषक उचलला. तुर्की फुटबॉलचे दोन सर्वांत श्रीमंत संघ एका पाठोपाठ एक अशा क्लबाकडून हरले की ज्याच्या सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार त्या संघांतल्या दोनचार ताऱ्यांच्या पगाराएवढाही नसावा. या यशात नशिबाचा वाटा होताच, कारण बाद फेरीत तो असतोच. पण ज्यांच्याकडे फारसे कौशल्य नाही त्यांच्याकडून शिस्तबद्ध धाव कशी काढून घ्यायची हे त्याला जमले आहे, हे त्या कपने दाखवून दिले. पुढच्या हंगामात काळ्या समुद्राकाठच्या, चहाच्या मळ्यांच्या रिझेमध्ये त्याने अडचणीत सापडलेल्या रिझेस्पोरला खालच्या श्रेणीत घसरू दिले नाही.

२०१९ मध्ये बाशाकशेहिरने त्याला बोलावले. अब्दुल्ला अवजी बेशिक्ताशला निघून गेले होते आणि आधीच्या वसंतात मोठी आघाडी हातात असूनही या संघाने विजेतेपद गलातासरायला देऊन टाकले होते. ओकानची सुरुवात वाईट झाली. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत ऑलिंपियाकोसकडून दोन्ही सामन्यांत हार, लीगमध्ये चाचपडणे, युरोपा लीगमध्ये रोमात ४–० असा दारुण पराभव. याच काळात त्याची हकालपट्टी होणार असे अनेकांना वाटत होते. पण रोमाकडून इतका मार खाल्लेल्या त्याच संघाने शेवटी तो गट रोमालाच मागे टाकून जिंकला. करोनामुळे लीग मार्चमध्ये थांबली, जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली आणि १९ जुलै २०२० रोजी कायसेरीस्पोरला १–० असे हरवून बाशाकशेहिरने विजेतेपद निश्चित केले. तुर्की लीग जिंकणारा तो केवळ सहावा क्लब ठरला.

हे यश सर्वांनी मनापासून साजरे केले असे म्हणता येणार नाही. बाशाकशेहिरला पाठीराखे थोडे, शिवाय सत्ताधाऱ्यांच्या जवळचा क्लब अशी त्याची ओळख आहे. २०१४ मध्ये त्याच्या नव्या मैदानाच्या उद्घाटनाला खुद्द एर्दोआन जर्सी घालून खेळायला उतरले होते. क्लबाबद्दलची ही नाराजी मला समजते, पण तिचा भार प्रशिक्षकाच्या कामावर टाकणे योग्य नाही. स्क्र्टेल, क्लिशी, देम्बा बा, रोबिन्यो अशी उतरत्या वयातली नामवंत मंडळी आणि एदिन विश्चा, महमुत तेकदेमिर यांच्यासारखे वर्षानुवर्षे एकाच क्लबात राबणारे खेळाडू यांची मोट बांधणे सोपे नव्हते.

त्यानंतरच्या चॅम्पियन्स लीगमधले दोन प्रसंग कायम लक्षात राहतील. ४ नोव्हेंबर २०२० रोजी इस्तंबूलमध्ये मँचेस्टर युनायटेडला कॉर्नर मिळाला, त्यांचे जवळजवळ सगळे खेळाडू बाशाकशेहिरच्या गोलासमोर गोळा झाले आणि मध्यरेषेजवळ उभा असलेला पस्तीस वर्षांचा देम्बा बा पूर्णपणे मोकळा राहिला. बचावातून आलेला एकच लांब फटका त्याच्याकडे पोहोचला आणि निम्मे मैदान एकट्याने पार करून त्याने गोल केला. सामना बाशाकशेहिरने २–१ असा जिंकला. दुसरा प्रसंग ८ डिसेंबरचा, पॅरिसमधला. चौथ्या पंचाने ओकानचा सहायक पियेर वेबो याचा उल्लेख त्याच्या वर्णावरून केला. वेबोने जाब विचारला, देम्बा बाने पंचाला तिथल्या तिथे सुनावले आणि बाशाकशेहिरचा अख्खा संघ मैदान सोडून गेला. पाठोपाठ पॅरिसचे खेळाडूही गेले. सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पूर्ण झाला आणि बाशाकशेहिर ५–१ ने हरले, पण त्या निकालाला माझ्या लेखी काही किंमत नाही. आपल्या सहकाऱ्याचा अपमान झाल्यावर स्पर्धेचा, गुणांचा, दंडाचा विचार न करता संघ एकमुखाने बाहेर पडतो, हे त्या संघात एकमेकांविषयी असलेल्या आदराचे लक्षण आहे. लीगमधली कामगिरी मात्र खालावतच गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये ओकानला पद सोडावे लागले. पुढचे दीड वर्ष त्याच्याकडे कोणताही संघ नव्हता.

इकडे गलातासरायची अवस्था बिकट होत चालली होती. जानेवारी २०२२ मध्ये तेरिम यांना हटवण्यात आले, त्यांच्या जागी आलेल्या दोमेनेक तोरेंत यांनाही गाडी रुळावर आणता आली नाही आणि संघ तेराव्या स्थानावर फेकला गेला. जूनमध्ये दुर्सुन ओझबेक पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्यांनी ओकानची नेमणूक केली. त्या उन्हाळ्यात मेर्टेन्स, तोरेइरा, माता, इकार्दी असे खेळाडू आले. पैसा खर्च झाला हे खरे. पण इतकी नावे इतक्या घाईने गोळा केलेले संघ कोसळताना आपण पाहत आलो आहोत, आणि हा संघ कोसळला नाही.

तो का कोसळला नाही याचे उत्तर मला जुन्या गलातासरायच्या मधल्या फळीत सापडते. माउरो इकार्दी गोलाच्या चौकटीत असामान्य आहे, पण चेंडू नसताना फार धावत नाही. मेर्टेन्स पस्तिशीचा. अशा दोघांना एकत्र खेळवायचे तर उरलेल्या आठ जणांना त्यांच्या वाटचे पळावे लागते. ओकानने लुकास तोरेइराला मधोमध उभे केले, केरेम अक्तुर्कोग्लूला पंखावरून सतत मागे आणले आणि समोरच्या संघाच्या अर्ध्यातच चेंडू हिसकावण्याची तेरिम यांची जुनी रीत नव्या रूपात परत आणली. बारिश अल्पेर यिल्माझचे उदाहरण तर फारच बोलके आहे. अंकाराच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबातून आलेला हा दांडगा तरुण ओकानच्या हाताखाली कधी उजव्या पंखावर, कधी डाव्या, कधी आघाडीला, तर कधी चक्क बगलेच्या बचावपटूच्या जागी खेळला आणि कुठेही उभा केला तरी त्याची धाव कमी झाली नाही. ज्याने स्वतः हागीसाठी धावण्यात तारुण्य घातले, त्याला इकार्दीसाठी कोण आणि किती धावले पाहिजे याचा हिशोब कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि धावणाऱ्यांनाही प्रशिक्षकाच्या शब्दावर विश्वास बसतो, कारण तो त्यांच्यातलाच होता.

लीगमधले निकाल पुरेसे बोलके आहेत. पहिल्या हंगामात सलग १४ विजयांची मालिका आणि ८८ गुण. त्या वर्षी ६ फेब्रुवारीच्या भूकंपाने देश हादरला, लीग थांबली, हातायस्पोर आणि गाझियांतेप यांनी उरलेल्या हंगामातून माघार घेतली. आदल्याच रात्री हातायस्पोरला शेवटच्या क्षणी सामना जिंकून देणारा क्रिस्तियन आत्सू ढिगाऱ्याखाली मरण पावला. अशा वर्षात, प्रजासत्ताकाच्या शताब्दीच्या त्या हंगामात, ३० मे २०२३ रोजी अंकारामध्ये विजेतेपद पक्के झाले. दुसऱ्या हंगामात तर १०२ गुण. फेनेरबाहचे ३८ सामन्यांत फक्त एकदा हरले आणि ९९ गुण मिळवूनही दुसरे आले! त्यातही १९ मे २०२४ ला स्वतःच्या मैदानावर एका बरोबरीने काम झाले असते, तर समोर दहाच खेळाडू उरलेल्या फेनेरबाहचेने गलातासरायला १–० असे हरवले. एवढा मोठा धक्का बसल्यावर आठवडाभरात संघाचे मन पुन्हा जागेवर आणणे हे प्रशिक्षकाचे खरे काम, आणि कोन्यामध्ये ३–१ असा विजय मिळवून संघाने ते सिद्ध केले. तिसऱ्या हंगामात नापोलीकडून उसना आलेला व्हिक्टर ओसिमेन २६ गोल करून गेला, ९५ गुणांसह लीग आणि सोबत तुर्की कपही मिळाला. हे गलातासरायचे पंचविसावे विजेतेपद होते आणि त्यामुळे, पाच विजेतेपदांमागे एक या हिशोबाने, जर्सीवर पाचवा तारा आला.

याच हंगामात, २ एप्रिल २०२५ ला, फेनेरबाहचेच्या घरी, कादिक्योयमध्ये, तुर्की कपचा सामना गलातासरायने २–१ असा जिंकल्यावर फेनेरबाहचेचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी मागून येऊन ओकानचे नाक चिमटले आणि तो खाली पडला. जगभर त्या दृश्याचीच चर्चा झाली. तो पडला ते जरा जास्तच झाले असे म्हणणारेही बरेच होते. मला ती चर्चा निरर्थक वाटते. दुसऱ्या प्रशिक्षकाच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. मोरिन्यो यांच्यावर तीन सामन्यांची बंदी आली ती योग्यच होती.

युरोपाबाबत मात्र ओकानवर टीका करायला जागा आहे आणि त्याच्या चाहत्यांनी ती टाळू नये. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर गलातासराय दोनदा मागे पडूनही ३–२ असे जिंकले. त्या सामन्यात इकार्दीने पेनल्टी बाहेर मारली आणि तीनच मिनिटांनी गोलरक्षक ओनानाच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून विजयी गोल केला. पण त्याच गटातल्या शेवटच्या सामन्यात कोपनहेगनकडून १–० अशी हार झाली, आणि तीसुद्धा त्याच पार्केन मैदानावर. पुढे स्पार्टा प्रागने बाहेर काढले, त्यानंतरच्या वर्षी यंग बॉइजने चॅम्पियन्स लीगचे दार बंद केले, मग टॉटेनहॅमला ३–२ असे हरवणारा संघ अल्कमारकडून ४–१ ने हरला. या पराभवांत एक समान धागा आहे. बचावाची फळी फार पुढे, बगलेचे बचावपटू त्याहून पुढे, आणि चेंडू गमावला की मागे मोकळे रान. तुर्की लीगमधल्या बहुतेक संघांना त्या मोकळ्या जागेचा फायदा घेता येत नाही, पण प्राग किंवा अल्कमारच्या तरुण, वेगवान खेळाडूंना तो घेता येतो. परक्या मैदानावर दहा पावले मागे थांबून खेळण्याची तयारी ओकानने दाखवायला फार वेळ लावला.

म्हणूनच ३० सप्टेंबर २०२५ च्या लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याकडे मी अधिक आशेने पाहतो. ओसिमेनने सोळाव्या मिनिटाला पेनल्टीवर केलेला गोल संघाने शेवटपर्यंत जपला. या वेळी फळी वेळप्रसंगी मागे सरकत होती, तोरेइरा आपली जागा सोडत नव्हता आणि बारिश अल्पेर चेंडू गेला की स्वतःच्या गोलापर्यंत धावत येत होता. घरच्या प्रेक्षकांसमोर एक सामना असा खेळता येतो हे यातून दिसले. १९०५ मध्ये शाळकरी मुलांसह हा क्लब स्थापन करणाऱ्या अली सामी येन यांनी परकीय संघांना हरवणे हे ध्येय आपल्या सोबत्यांसमोर ठेवले होते, आणि गलातासरायचा पाठीराखा आजही आपल्या प्रशिक्षकाला त्याच मापाने मोजतो. लीगची तीन विजेतेपदे त्याने आनंदाने स्वीकारली आहेत. आता वसंत ऋतूतल्या, बाद फेरीतल्या, दूरच्या मैदानावरच्या सामन्यात तोरेइरा आणि बारिश अल्पेर अशीच शिस्त पाळतात का, याचे उत्तर त्याला ओकानकडून हवे आहे.